विहिरीचा आकडा कोणाच्या वहीत?

क्रांती चौकात हंडे घेऊन बसलेल्या बायकांना अधिकारी, पत्रकार, आणि कधीकधी आपलेच कार्यकर्ते विचारतात, "तुमची मागणी काय?" मागणी तोंडपाठ असते. टँकर वाढवा, पाण्याची योजना पुरी करा. पण तुमच्या गावचं पाणी दहा वर्षांत किती खाली गेलं, कशानं गेलं आणि त्यात तुमचं नुकसान किती, असं कोणी विचारलं तर आपल्या हातात कागद नसतो. कागद नसतोच असं नाही. तो दुसऱ्याच्या कपाटात असतो.

अलीकडे सरकारी कागदांत 'नैसर्गिक भांडवल' हा शब्द आला आहे. जंगल, माती, नदी, भूजल ही देशाची मत्ता धरायची, दरवर्षी तिच्यात किती घट झाली याचा लेखा ठेवायचा आणि धोरण ठरवताना तो समोर ठेवायचा, अशी ही कल्पना. संयुक्त राष्ट्रांनी मार्च २०२१ मध्ये अशा हिशेबाची पद्धत मान्य केली. आपलं केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयही २०१८ पासून पर्यावरणाचे लेखे प्रसिद्ध करत आलं आहे. नदीला भांडवल म्हणणं आपल्यापैकी अनेकींना खटकतं. मलाही खटकतं. पण शब्दावर रुसून आपण बाजूला बसलो तर हिशेब थांबणार नाही, तो आपल्याला वगळून होईल एवढंच.

हे वगळणं आपल्याला नवं नाही. न्यूझीलंडच्या मेरिलिन वेरिंग यांनी १९८८ सालीच पुस्तक लिहून दाखवलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात बाईचं घरातलं काम आणि उभं जंगल, दोन्हीची किंमत शून्य धरली जाते. मराठवाड्यातलं उदाहरण घ्या. विहिरीला पाणी आहे आणि बाई ते शेंदून आणते, तोवर या व्यवहाराची नोंद कुठे होत नाही. विहीर आटली, टँकर आला, बिल फाटलं, की उत्पन्नात भर पडते! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होतं. त्या गाडीचा खर्च कुठल्या तरी खात्यात लिहिलेला सापडेल. ज्या भूजलाच्या उपशामुळे ही वेळ आली, ते भूजल कुणाच्या खात्यातून वजा झालं? आणि त्या महिन्यांत बायकांचे किती तास रांगेत गेले? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषाचा ९७ मिनिटं निघाला. पाण्याच्या हिशेबाशेजारी हा आकडा कुणी मांडत नाही.

किंमत ठरली की न्याय मिळतो, असंही नाही. वनजमीन दुसऱ्या कामासाठी देताना तिचं 'निव्वळ वर्तमान मूल्य' वसूल करावं, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीनं २००६ मध्ये अभ्यास दिला. २००८ मध्ये न्यायालयानं हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर मान्य केले. २०२२ मध्ये ते वाढून साडेनऊ लाख ते सोळा लाखांच्या घरात गेले. हा पैसा वनीकरणाच्या सरकारी निधीत जमा होतो. त्या जंगलातून सरपण, मोहफुलं, डिंक आणणाऱ्या बाईला तिच्या जंगलाची किंमत काय धरली आणि ती कशी काढली, हे कोण सांगतं? दर कळला नाही तर तो कमी आहे असं तरी ती कशी म्हणणार?

म्हणून माझ्या मते किंमत किती यापेक्षा आधीचा प्रश्न मोठा आहे. ज्या अभ्यासावरून ती काढली, तो आपल्यापर्यंत कधी पोचतो आणि कोणत्या भाषेत?

पश्चिम घाटाचं काय झालं ते आठवा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रानं मार्च २०१० मध्ये तज्ज्ञगट नेमला. गटानं ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला. जनतेच्या पैशानं झालेला हा अभ्यास मंत्रालयानं दडवून ठेवला. केरळातल्या एका नागरिकानं माहितीचा अधिकार वापरला. केंद्रीय माहिती आयोगानं एप्रिल २०१२ मध्ये अहवाल उघड करायला सांगितलं, तरी मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे हरल्यावर, मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. या नऊ महिन्यांत कोकणात, सह्याद्रीत अफवांना रान मोकळं मिळालं. शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही, अशी भीती पसरली. प्रत्यक्षात निर्णय ग्रामसभांनी चर्चा करून घ्यावेत, हा त्या अहवालाचा गाभा होता. अहवाल बाहेर आला तोही इंग्रजी, शेकडो पानांचा. मग ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन समिती नेमली गेली आणि संरक्षित करायचं क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आलं. अहवालाच्या शिफारशींवर आपले मतभेद असू शकतात. पण न वाचलेल्या अहवालाविरुद्ध मोर्चे निघावेत, यात गावकऱ्यांचा दोष मला दिसत नाही.

याउलट गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). तिथे गावाचा अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, प्रश्न विचारतो आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ते आपला बांबू स्वतः विकू लागलं. आधी अभ्यास आणि मग निर्णय, हा क्रम त्यांनी पाळला.

आपल्याकडे जंगल थोडं आणि चिंता पाण्याची, म्हणून मी भूजलाचंच धरते. मराठवाड्याखाली बसाल्टचा कातळ आहे. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, त्यामुळे साठा मुळात तोकडा. एकाची बोअर खोल गेली की शेजारणीची विहीर कोरडी पडते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. किती उत्तम साधन आहे हे! अनेक वर्षांचे आकडे आहेत. संभाजीनगरातच पैठण रस्त्यावर पाणी आणि जमिनीचा अभ्यास करणारी 'वाल्मी' आहे, विद्यापीठ आहे. ज्ञान आपल्या गावात आहे. ते वस्तीत उतरत नाही.

आमच्या बचतगटाच्या बायका एका कार्यालयात आपल्या गावचे आकडे मागायला गेल्या तेव्हा त्यांना विचारण्यात आलं, "तुम्हाला हे कळणार आहे का?" ज्या बाईला दोराची लांबी हातानं माहीत आहे, तिला मीटर कळणार नाहीत? जैवविविधता नोंदवह्यांच्या बाबतीतही हेच. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर कित्येक वह्या घाईघाईनं भरल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या. रानभाज्या ओळखणाऱ्या बायकांना कुणी विचारलं का?

मैत्रिणींनो, माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की माहिती न मागता, आणि स्थानिक भाषा लक्षात घेऊन द्यायची आहे. ते आपण वापरत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा होते. मे महिन्याच्या मोजणीनंतरच्या पहिल्या महिला ग्रामसभेत गावाजवळच्या निरीक्षण विहिरीचे दहा वर्षांचे आकडे मराठीत वाचून दाखवा, असा ठराव मांडू. आकडे आले नाहीत तर साधा अर्ज, दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील बाईला तेही नाही. उत्तराला तीस दिवसांची मुदत. अर्जात विहिरीचं ठिकाण आणि वर्षं स्पष्ट लिहा, नाहीतर अर्ज परत येतो. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी गटाच्या बैठकीत मागावा, आपण बसून लिहू.