संगणकाच्या भागांचें गुणमेलन

नांदुऱ्याहून एका आजोबांचें पत्र ह्या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या नातवास संगणकावरील खेळांसाठीं यंत्र हवें आहे. तयार यंत्र महाग पडतें, म्हणून सुटे भाग मागवून तें घरींच जुळवावें, असा त्याचा बेत आहे. घरांतील तिघां भावांनीं मिळून ७०,००० रुपये बाजूस काढले आहेत. पुनः इतके निघावयाचे नाहींत. यादी पाठवून आजोबा विचारतात, "हे भाग एकमेकांस धरून आहेत काय?" प्रश्न मार्मिक आहे. स्थळें दोन्ही चांगलीं असलीं तरी पत्रिका जुळावी लागते, येथेंही तेंच.

यादींत प्रोसेसर रायझन ५ ५६०० आहे व मदरबोर्ड बी६५० चा आहे. दोन्ही उत्तम, परंतु पहिल्याचें सॉकेट एएम४, तर दुसऱ्याचें २०२२ सालीं आलेलें एएम५. हा प्रोसेसर त्या बोर्डावर बसावयाचाच नाहीं. रॅमचेंही तसेंच. एएम४ ला डीडीआर४ लागते, एएम५ ला डीडीआर५. दोहोंच्या पट्ट्यांची खांच निरनिराळ्या जागीं असते; बळेंच दाबल्यास नुकसान मात्र होईल.

मार्ग दोन आहेत. रायझन ५ ७६०० घेऊन बोर्ड तोच ठेवावा, किंवा प्रोसेसर ठेवून बी५५० बोर्ड व डीडीआर४ रॅम घ्यावी. पहिल्या मार्गानें पुढें सुधारणेस वाव राहतो. पण रक्कम ठरलेली असल्यामुळें आमचा कौल दुसऱ्यास आहे. वांचलेला पैसा ग्राफिक्स कार्डास लावावा, कारण खेळाची भिस्त मुख्यतः त्यावरच असते. रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेतां ८ जीबीच्या दोन घ्याव्या. आणखी स्वस्त म्हणून बी४५० बोर्ड घेण्याचा मोह होईल. पण तो २०१८ सालचा व हा प्रोसेसर २०२२ चा. बोर्डाचें बायॉस जुनें असल्यास तो प्रोसेसरास ओळखणार नाहीं. ह्याविषयीं विक्रेत्याकडून आधीं लेखी खुलासा घ्यावा.

यादींतील आरएक्स ६६०० हें कार्ड योग्य आहे. त्याची लांबी कॅबिनेटच्या मापाशीं ताडून पाहावी. ह्या प्रोसेसरास स्वतःचें चित्र दाखविण्याची सोय नाहीं. म्हणून पडद्याची तार बोर्डास न जोडतां कार्डासच जोडावी.

आमचा खरा आक्षेप आहे तो कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर. तोच सर्वांस वीज पुरवितो, आणि तो बिघडल्यास बाकीच्यांसही घेऊन बुडूं शकतो. कार्डास सुमारें १३२ वॅट लागतात, व बनविणारे ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवितात. नामांकित बनावटीचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा ५५० वॅटचा घ्यावा; आणि घरांतील अर्थिंग आधीं तपासून घ्यावें.

बुलढाणें घाटावर, तेथें हवा थंड. नांदुरें घाटाखालीं, पूर्णेच्या खोऱ्यांत. वैशाखांत तेथें पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून कांचेच्या बंद तोंडाचें शोभिवंत कॅबिनेट नको. पुढें जाळी व दोन पंखे असावे, आणि यंत्र भिंतीस चिकटवून ठेवूं नये. प्रोसेसर खोक्यांतील घ्यावा, म्हणजे त्याचा पंखा बरोबर येतो. सुट्या मालांत तो बहुधा नसतो.

सर्व भाग एकाच सुमारास मागवावे. वस्तु परत घेण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. एक भाग चैत्रांत व दुसरा आषाढांत आला, तर दोष कळेपर्यंत ती सरून जाते. कॅबिनेटांत बसविण्यापूर्वीं मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून एकदां चालवून पाहावा.

तूर्त नातवानें यादी नव्यानें लिहावी. प्रत्येक भागापुढें सॉकेट, रॅमचा प्रकार, वॅट व लांबी असे रकाने भरावे, आणि आजोबांनीं ते स्वतः ताडून पाहावे. रकाने जुळले म्हणजे मगच पैसे पाठवावे.