पुराव्याचा भार रोग्यावरच का? : ब्रिटनच्या कामकाज व निवृत्तिवेतन मंत्र्यांस खुले पत्र

मंत्रिमहोदय,

ॲस्बेस्टॉसच्या धुळीमुळे फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या कामगारांचे भरपाईचे अर्ज आपले खाते कामातून जडणाऱ्या रोगांच्या ज्या यादीवर बोट ठेवून फेटाळते, तशा यादीचा जाच इंग्लंडमधील रॉचडेलला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तेथील टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या नेली केर्शॉ १९२४ साली, अवघ्या ३३व्या वर्षी वारल्या. आजार कामातून जडला म्हणून आजारपणाचा भत्ता नाकारला गेला, आणि तो आजार कायद्याच्या यादीत नाही म्हणून कारखान्याने भरपाई नाकारली. अंत्यसंस्काराचा खर्चसुद्धा दिला नाही.

आजच्या यादीतील डी-८ए हे कलम पाहावे. ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे धुळीने फुफ्फुसावर पडणारे व्रण, नसतील तर कर्करोग कामातून झाला असे मानण्यासाठी रोग्याने ॲस्बेस्टॉसचे कापड बनवणे, फवारणी, उष्णतारोधक आवरणे बसवणे किंवा जहाजबांधणीत ॲस्बेस्टॉस लावणे-काढणे यांपैकीच काम केलेले असावे लागते. तेही १ जानेवारी १९७५पूर्वीचा काही काळ धरून ५ वर्षे, अन्यथा १० वर्षे. शाळा-इस्पितळांत ॲस्बेस्टॉसचे तक्ते करवतीने कापत आयुष्य घालवलेला सुतार आणि त्याच तक्त्यांना भोके पाडणारा वीजतंत्री या कलमात कोठेच बसत नाहीत.

रोग उमटायला बहुधा काही दशके लागतात. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, सोबती गेलेले असतात, आणि कर खात्याच्या नोंदीत मालकाचे नाव व वर्षे सापडली तरी त्या माणसाने कोणता तक्ता कापला हे कोणी लिहून ठेवलेले नसते. मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, झाल्यास धूळ कोणत्या मालकाकडची हे रोग्याने सिद्ध करण्याची गरज नाही, असा निकाल लॉर्ड्स सभागृहाने २००२ सालीच दिला. त्या रोगाने देशात वर्षाला २,०००हून अधिक माणसे दगावतात, आणि ॲस्बेस्टॉसजन्य फुफ्फुसाच्या कर्करोगाचे बळी साधारण तितकेच असावेत, असा सरकारच्याच आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाचा अंदाज आहे. मग धूळ तीच असताना फुफ्फुसाच्या कर्करोगाने आजारी पडलेल्याच्या वाट्याला हा बंद दरवाजा का? आणि नवऱ्याचे धुळीने पांढरे पडलेले कपडे अंगणात झटकून धुणाऱ्या बायकोला फुफ्फुसाचा कर्करोग झाला, तर तिच्यासाठी आपल्या खात्याकडे भरपाईची एकही योजना नाही.

सुतार, वीजतंत्री व नळकारागीर यांची नावे डी-८एमध्ये घालावीत, घरी आलेल्या धुळीने आजारी पडलेल्यांना भरपाईचा हक्क द्यावा, आणि धुळीशी संबंध आल्याचे दिसताच रोग धुळीमुळे झालेला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्या खात्याने स्वतःच्या शिरावर घ्यावी.