बिटकॉइनची खाण आणि घरचे वीजबिल

गेल्या महिन्यात महापालिकेतून निवृत्त झालेले एक सफाई कामगार आमच्या कार्यालयात आले. हातात पाचशे रुपयांचा मुद्रांक, त्यावर टंकलिखित करारनामा. चार लाख रुपये भरायचे, कंपनी बिटकॉइन काढण्याचे एक यंत्र घरी आणून बसवणार आणि दरमहा चाळीस हजार रुपये 'अपेक्षित उत्पन्न' मिळणार, असे त्यात लिहिलेले होते. पैसे भविष्य निर्वाह निधीचे. मुलगा आयटीआय झालेला, दोन वर्षांपासून घरी बसून. काकांनी विचारले, "वकीलसाहेब, सही करू का?"

असे प्रश्न घेऊन येणारे ते पहिले नाहीत. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच चार पैसे शिल्लक पडले आहेत, त्यांच्याच दारात असे करारनामे आधी येतात.

मुळात हे 'मायनिंग' म्हणजे काय? खाण म्हटले की जमिनीत सोने आहे, खोदले की निघणार, असे वाटते. इथे तसे काहीही नाही. बिटकॉइनच्या व्यवहारांची वही जगभरातील संगणक मिळून लिहितात. या वहीचे नवे पान साधारण दर दहा मिनिटांनी लिहिले जाते आणि ते लिहिण्याचा मान कोणाला, याची जणू सोडत निघते. यंत्र करते काय, तर एक आकडा लावून पाहते, चुकला की दुसरा, तो चुकला की तिसरा. सेकंदाला अब्जावधी वेळा. ज्याचा आकडा लागला त्याला बक्षीस. यात बुद्धी लागत नाही, वीज लागते. मटक्याच्या आकड्याने ज्यांची घरे बसली त्यांना हे समजावून सांगायला नको! फरक इतकाच, की हा मटका चालवणारा कोणी शेठ नाही आणि सोडतीत फसवाफसवी नाही. फसवाफसवी होते ती सोडतीचे तिकीट विकताना.

२००९ साली बिटकॉइन सुरू झाले तेव्हा बक्षीस ५० बिटकॉइनचे होते आणि साध्या संगणकावर ते मिळत असे. त्या काळच्या गोष्टी आजही नवख्यांना सांगितल्या जातात. पण हे बक्षीस साधारण दर चार वर्षांनी निम्मे होते. २०१२ ला २५, २०१६ ला साडेबारा, २०२० ला सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. दुसरी गोष्ट, यंत्रे वाढली म्हणून बिटकॉइन जास्त निघत नाहीत. दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे दोनएक आठवड्यांनी, कोडे आपोआप तितके अवघड होते. शेजाऱ्याने यंत्र आणले की तुमचा वाटा कमी होतो. हे विक्रेता सांगेल काय?

आम्ही काकांसमोर कागद घेऊन हिशेब मांडला. करारात अँटमायनर एस२१ हे यंत्र होते. यंत्र चांगलेच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्याची ताकद सेकंदाला २०० टेराहॅश. जगातील सर्व यंत्रांची मिळून ताकद २०२५ मध्ये साधारण एक हजार एक्साहॅशपर्यंत पोहोचली. म्हणजे काकांच्या यंत्राचा वाटा पन्नास लाखांत एक. एकट्याने आकडा लावत बसले तर एक बक्षीस मिळायला सरासरी पंचाण्णव वर्षे लागतील. म्हणून लोक 'पूल' करतात, भिशीसारखे एकत्र येतात आणि मिळेल ते ताकदीच्या प्रमाणात वाटून घेतात. जगात दिवसाला ४५० बिटकॉइन बक्षिसात निघतात. त्यातला काकांचा वाटा महिन्याला ०.००२७ बिटकॉइन. एका बिटकॉइनला ८० लाख रुपये धरले तर २१,६०० रुपये.

आता वीज. हे यंत्र साडेतीन किलोवॅट खाते, दिवसरात्र. दिवसाला ८४ युनिट, महिन्याला २,५२०. युनिटला दहा रुपये धरले तरी बिल २५,२०० रुपये. म्हणजे यंत्राचे चार लाख बाजूलाच ठेवा, महिन्याला ३,६०० रुपये खिशातून जाणार! बिटकॉइनचा भाव एक कोटी धरला तर २७,००० येतील आणि १,८०० उरतील. त्यातून पूलची दलाली, इंटरनेट आणि पंखा बिघडला तर त्याची दुरुस्ती. चार लाख फिटायला किती वर्षे लागतील ते वाचकांनीच काढावे. २०२८ च्या सुमारास बक्षीस पुन्हा निम्मे व्हायचे आहे, हेही त्यात धरावे. हे चाळीस हजार कुठून आले, याचे उत्तर करारनाम्यात कुठेही नव्हते.

याच्यावर कर आहे तो वेगळाच. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीवर ३० टक्के कर लागला. खरेदीच्या किमतीशिवाय कोणताही खर्च वजा होत नाही, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता होत नाही. मायनिंगसाठी उभारलेल्या यंत्रसामग्रीचा खर्च ही खरेदीची किंमत धरली जाणार नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. अर्थ काय होतो? यंत्र वाल्याने विकत आणलेले नाही, काढलेले बिटकॉइन विकले आहे. तेव्हा २१,६०० वर ३० टक्के, म्हणजे ६,४८० रुपये सरकारला, वीजबिल भरून तोटा झालेला असला तरी. उपकर वेगळा. दुकानदाराला निदान खर्च जाता नफ्यावर कर असतो. इथे तेही नाही. हा कायदा न्याय्य आहे काय, यावर आमचे मत वेगळे असू शकते, पण आज सही करणाऱ्याला तो लागू आहे.

मग जगात हा धंदा कोणाला परवडतो? जिथे वीज मातीमोल आहे तिथे. भूतानचे सरकार स्वतःच्या जलविद्युतवर बिटकॉइन काढते. अमेरिकेत टेक्सासमधील रायट या कंपनीला ऑगस्ट २०२३ मध्ये उन्हाळ्याच्या तुटवड्यात यंत्रे बंद ठेवल्याबद्दल ३ कोटी १७ लाख डॉलरच्या वीजसवलती मिळाल्या. यंत्र बंद ठेवूनही पैसे मिळतात, अशी ही मंडळी! आणि तरीही यातली कोअर सायंटिफिक ही बलाढ्य कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेलीच. नोव्हेंबर २०२१ ला ६९ हजार डॉलरच्या आसपास असलेले बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांवर आले होते. ज्यांच्याकडे स्वतःची वीजकेंद्रे आणि वकिलांची फौज आहे ते बुडू शकतात, तर एका खोलीत यंत्र लावणाऱ्याने चाळीस हजारांची खात्री कशाच्या बळावर धरावी?

काही विक्रेते आता आणखी पुढे गेले आहेत. यंत्र नकोच, म्हणतात, आमच्याकडे परदेशात आहे, तुम्ही फक्त पैसे भरा. ही वाट महाराष्ट्राने पाहिलेली आहे. गेनबिटकॉइन या योजनेत मायनिंगच्या नावाने दरमहा १० टक्के, अठरा महिने, असे आश्वासन होते. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्यानुसार २०१७ सालच्या भावाने सुमारे ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन लोकांकडून गोळा झाले. २०१८ ला पुणे पोलिसांनी अटका केल्या. मुख्य आरोपी जानेवारी २०२२ मध्ये मरण पावला. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही छापे चालूच होते. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा कायदा आहे, केंद्राचा २०१९ चा आहे, सायबर फसवणुकीसाठी १९३० हा दूरध्वनी आहे. फसवणूक झाल्याबरोबर तो जरूर फिरवावा. पण वकील म्हणून आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, कायदा गुन्हेगाराच्या मागे धावतो, पैसा त्याच्या पुढे धावत असतो.

आमच्या वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या एका एजंटाने तर बाबासाहेबांचाच दाखला दिल्याचे कानावर आले. बाबासाहेबांनी चलनावर मर्यादा हवी म्हटले होते, बिटकॉइनही २ कोटी १० लाखांच्या वर निघणार नाही, तेव्हा घ्या यंत्र! बाबासाहेबांचा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ चा. त्यातली चिंता होती रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहण्याची, मजुरीवर जगणाऱ्याच्या हातातला पैसा घसरू नये याची. वर्षभरात किमतीचा तीन चतुर्थांश भाग गमावणारी वस्तू त्या ग्रंथाच्या आधाराने विकणे हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. ज्याला हे तंत्र शिकायचे आहे त्याने अवश्य शिकावे. यंत्र कसे चालते, पाकिटाची किल्ली कशी जपावी, हॅश म्हणजे काय, हे शिकायला चार लाख लागत नाहीत. मोबाईलवर बटण दाबून बिटकॉइन निघते असे सांगणाऱ्याला मात्र सरळ दार दाखवावे.

काका म्हणाले, "मग पोराला काय सांगू? तो म्हणतो, बाप अडाणी आहे." आम्ही म्हणालो, सांगू नका, पुढच्या रविवारी त्याला घेऊन या आणि येताना विजेचे बिल आणा. मुलगा आला. थोडा रागातच होता. बिलावर मंजूर भार एक किलोवॅट होता, यंत्राला साडेतीन लागतात. घरगुती जोडणीवर धंदा चालवला तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, हेही त्याला वाचून दाखवले. त्याने कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढला आणि सगळा हिशेब पुन्हा केला. मग विचारले, "सर, हे तुम्ही दहा रुपये युनिट धरलंय. तीन रुपयांनी मिळाली तर?" प्रश्न बरोबर होता. तीन रुपयांनी कुठे मिळते ते शोधून काढ, असे सांगून आम्ही मुद्रांक काकांना परत दिला, कोराच.