भिंतीवरची चौकट

मुलांनो, मेडिकलमधून औषध आणायला तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. आईनं चिठ्ठी दिली, पैसे दिले, दुकानदारानं गोळ्या पिशवीत घालून दिल्या, झालं! पण तिथल्या भिंतीकडे कधी नीट पाहिलंत का? देवाच्या तसबिरीशेजारी काचेची एक चौकट टांगलेली असते. तिच्यात एक नाव असतं आणि एक नोंदणी क्रमांक. आज त्या नावाविषयी बोलू या.

दिवाळीत माझे तीन जुने विद्यार्थी साखऱ्याला घरी आले होते. दोन मुलं, एक मुलगी. चौथीत मी यांच्याकडून पाढे पाठ करून घेतले. आता तिघंही हिंगोलीला डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत. बारावी विज्ञान झालं की दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम, आणि वर ५०० तासांचं प्रत्यक्ष काम. फराळाची ताटं समोर आली तसं मी विचारलं, "काय रे, पुढं काय करायचं ठरवलंय?"

पहिला म्हणाला, "बी. फार्म. करून कंपनीत जाणार, गुरुजी. गावात मेडिकल टाकलं की लोक दुकानदारच म्हणतात. किराणा काय नि गोळ्या काय, त्यांना सारखंच."

मुलगी म्हणाली, "आईला वाटतं मी जिल्हा परिषदेत औषध निर्माण अधिकारी व्हावं. मला मात्र काउंटरवरच उभं राहायला आवडेल."

तिसऱ्यानं चकलीचा तुकडा मोडला आणि हळूच म्हणाला, "माझं ठरलंय. सर्टिफिकेट भाड्यानं द्यायचं. महिन्याचे पैसे घरबसल्या, आणि मी आपली शेती बघतो."

मी हातातली करंजी खाली ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, सर्टिफिकेट कसं काय भाड्यानं जातं? घर जातं, सायकल जाते. तर त्याचं असं आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनंच द्यायचं, असा आपल्या देशात कायदा आहे, १९४८ सालचा. तो उगाच आला नाही. त्याआधी १९३० मध्ये सरकारनं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. बाजारात भेसळीची, कमी कसाची औषधं विकली जात होती आणि ती देणाऱ्यांना धड शिक्षण नव्हतं. समितीच्या अहवालानंतर हळूहळू कायदे झाले. १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी औषधशास्त्राचे वर्ग सुरू केले. म्हणजे चौकटीतल्या त्या नावामागं एवढा खटाटोप आहे! पण काही ठिकाणी नाव भिंतीवर असतं आणि माणूस शेतात. गोळ्या देतो भलताच कोणी.

साधारण २०१२ च्या सुमारास महेश झगडे हे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच, असा आग्रह त्यांनी धरला. तपासण्या झाल्या, कारवाया झाल्या. औषधविक्रेते चिडले, त्यांनी दुकानं बंद ठेवून निषेधही केला. तुमच्यापैकी कोणाच्या बाबांचं मेडिकल असेल तर विचारा, त्यांना आठवत असेल.

हे सगळं मी तिसऱ्याला सुनावत होतो, तेवढ्यात मुलगी पाणी आणायला आत गेली आणि एक बाटली घेऊनच बाहेर आली.

"गुरुजी, ही कधीची?"

माझ्या धाकटीला गणपतीत ताप आला होता, तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं औषध. बाटलीत पांढरी भुकटी असते, पाणी घालून हलवायचं, ते. मी माठातलं पाणी अंदाजानं ओतलं होतं. स्वयंपाकघरातल्या चमच्यानं पाजलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोरगी अंगणात खेळायला लागली, तसं औषध बंद केलं. उरलेलं ठेवून दिलं, पुढच्या वेळी कामाला येईल म्हणून.

मुलीनं कपाळाला हात लावला. "यात उकळून गार केलेलं पाणी घालायचं, अगदी खुणेपर्यंत. कमी-जास्त झालं तर प्रत्येक डोस चुकतो. घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून सोबत मापाचं झाकण दिलेलं असतं. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलं असेल तर पाच दिवस. आणि पाणी घातल्यावर हे थोडेच दिवस टिकतं, लेबलवर लिहिलेलं असतं. आता हे कुणालाच देऊ नका."

मग तिनं विचारलं, "बाटली देताना कुणी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. काउंटरवर एक पोरगा होता. त्यानं बाटली दिली, सुटे पैसे मागितले. खरं तर रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्यच आहे, २०१५ च्या नियमांत तसं लिहिलंय. पण मीही विचारलं नाही. डी.एड. झालेला माणूस मी, मुलांना रोज सांगतो, समजलं नाही तर विचारा.

मुलगी म्हणाली, "काउंटर का आवडतं म्हणता? शिकाऊ म्हणून दुकानात होते तेव्हा एक आजोबा दोन पाकिटं घेऊन आले. एक तापाचं, एक सर्दीचं. नावं वेगळी, पण दोन्हींत पॅरासिटामॉल. दोन्ही घेतली असती तर डोस दुप्पट झाला असता. मी त्यांना थांबवलं."

पहिला गप्प झाला. तिसरा मात्र गप्प बसला नाही, आणि त्याचं म्हणणं तुम्हाला सांगायलाच हवं.

"गुरुजी, तुमचं पटतं. पण खेड्यातलं दुकान फार्मासिस्टला किती पगार देणार? रोज जाण्यायेण्याचं पेट्रोलही निघत नाही. बरं, मी तिथं उभा राहिलो तरी मला विचारतो कोण? चिठ्ठी टाकतात, पिशवी घेतात, निघतात. तुम्ही तरी कधी विचारलंत का, इथला फार्मासिस्ट कोण म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

भाऊबीज झाल्यावर मी बाजाराच्या गावी गेलो. मेडिकलच्या भिंतीवरचं नाव वाचलं आणि काउंटरवरच्या पोराला विचारलं, "हे कुठं आहेत? यांना एक विचारायचं होतं."

त्यानं वळून चौकटीकडे पाहिलं, जणू ती आजच टांगली होती. मग माझ्याकडे पाहत म्हणाला, "काका, हे तर आजपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं."

पुढच्या वेळी आई-बाबांबरोबर मेडिकलमध्ये जाल तेव्हा तुम्हीही ते नाव वाचा आणि विचारा. काय उत्तर मिळालं ते मला पत्रानं कळवा. उत्तर मिळालं नाही तर तेही कळवा. आणि पालकहो, कपाटातली ती अर्धी बाटली एकदा बघून घ्या.