चक्कर आली? लावा सलाईन!

आधी एक प्रयोग करा. हा अंक डोळ्यांसमोर धरा, मान स्थिर ठेवा आणि अंक डावी-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरं पुसट झाली ना? आता अंक स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगानं मान हलवा. मजकूर वाचता येतो! वेग तोच, मग फरक कुठला?

फरक कानातला. कानाच्या आत दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळली की त्यातलं पाणी मागे रेंगाळतं, तिथले बारीक केस वाकतात आणि निरोप निघतो. मध्ये फक्त तीन चेतापेशींची साखळी. जेमतेम १० मिलिसेकंदांत डोळे मानेच्या उलट दिशेला तेवढेच फिरतात. नुसतं बघून डोळे वळवायचे म्हटले तर १०० मिलिसेकंद लागतात. ज्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरला आपण इतके घाबरतो, त्यातलं फीड-फॉरवर्ड म्हणतात ते हेच. डोळ्याचा वेग भागिले मानेचा वेग म्हणजे गेन. निरोगी माणसात तो १ च्या आसपास असतो, आणि शाळकरी पोरापासून साठीच्या माणसापर्यंत त्यात फारसा फरक पडत नाही. आपल्या कुठल्याही प्रोजेक्टला असा गेन मिळालाय का? असो.

हे मला कुठून कळलं? तर आत्यामुळे. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावी ती पहाटे उठली आणि भिंतीला धरून खालीच बसली. "बापू, भिंत पळून रायली ना रे!" एवढंच म्हणाली आणि उलट्या सुरू. जवळच्या दवाखान्यात नेलं. बीपी बघितलं, अशक्तपणा आहे म्हणाले, सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सलाईन. डोळ्यांकडे कुणीही बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी गाडी करून अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. डोकं दोन्ही तळहातांत धरून म्हणाले, "बाई, माझ्या नाकाकडे बघा, नजर हलवू नका." आणि मान एकदम थोडीशी, अगदी १०-१५ अंश, झटकली. डावीकडे झटकली तेव्हा डोळे नाकावरच राहिले. उजवीकडे झटकली तेव्हा डोळे मानेबरोबर घसरले आणि मग टुणकन उडी मारून नाकावर परत आले. उजव्या कानाची नस सुजलेली आहे, असं त्यांचं निदान.

पुढे ते जे बोलले त्यानं मी चाट पडलो. "रिफ्लेक्स बिघडलाय, म्हणजे बरं आहे."

बिघडलाय म्हणजे बरं कसं? तर तासन् तास न थांबणारी चक्कर येण्याची मुख्य कारणं दोन. एक कानाची नस, दुसरं लहान मेंदूचा झटका, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो त्यातलाच प्रकार. कान बिघडला तर ही साखळी तुटते आणि तपासणी बिघडलेली दिसते. मेंदूच्या झटक्यात साखळी बहुतेक वेळा शाबूत राहते. म्हणजे घर गरगर फिरतंय आणि तपासणी मात्र नॉर्मल, तर धोक्याची घंटा! अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००९ साली दाखवलं की ही झटक्याची तपासणी आणि डोळ्यांची आणखी दोन लक्षणं जाणकारानं एकत्र पाहिली, तर पहिल्या दिवस-दोन दिवसांत एमआरआयमधून निसटणारे झटकेही सापडतात. याला अपवाद आहेत. आणि कृपा करून घरी कुणाची मान झटकू नका, हे शिकलेल्या हाताचंच काम आहे.

याआधी कानात ३० आणि ४४ अंशांचं पाणी सोडून डोळे कसे नाचतात ते बघत. पाण्याच्या या तपासणीमागचं शास्त्र उलगडणाऱ्या रॉबर्ट बारानीला १९१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. मान झटकण्याची पद्धत १९८८ मध्ये सिडनीच्या हालमागी आणि कर्थॉइस यांनी मांडली. यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. लोडशेडिंगमध्ये सुद्धा होते!

यंत्रही आता आहे. घट्ट गॉगल, त्यात सेकंदाला अडीचशे चित्रं घेणारा कॅमेरा आणि एक जायरोस्कोप. किंमत लाखांत. आपल्यातला कुणीही म्हणेल, "एवढंच? आपण बनवू की!" बनवाच. दरवर्षी तेच लाईन फॉलोअर बघून परीक्षकही कंटाळलेत. पण माझी एक भीती आहे. आपण त्याला लगेच एक दिवा लावणार. गेन ०.८ च्या वर, हिरवा. खाली, लाल. काम फत्ते! आणि खरा झटका आलेल्या माणसाला आपलाच हिरवा दिवा घरी पाठवणार.

दुसरं उदाहरण आमच्याच गल्लीतल्या दहावीच्या मुलीचं. तिला महिन्यातून दोन-तीनदा चक्कर यायची, उजेड सहन व्हायचा नाही. घरचे म्हणायचे परीक्षेचं नाटक. तपासणी नॉर्मल आली तर सगळ्यांना पुरावाच मिळाला! खरं तर तिला अर्धशिशीची चक्कर निघाली, आणि त्यात ही तपासणी बहुधा नॉर्मलच येते. कुशीवर वळलं की काही सेकंद येणाऱ्या चक्करचंही तसंच, तिला तपासणी वेगळी लागते.

म्हणून माझं म्हणणं असं की यंत्रानं निकाल देऊ नये, आलेख द्यावा. डोळा कुठे घसरला, उडी कधी मारली, ते डॉक्टरला दिसू द्यावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. प्रोजेक्टचा विषय ठरवण्याआधी तिथल्या कान-नाक-घसा विभागात जाऊन बसायला आपल्याला कुणी अडवलंय का? आणि सगळ्यात स्वस्त तपासणीला तर यंत्रच नको. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता आधी मान स्थिर ठेवून वाचायला लावायचा, मग सेकंदाला दोनदा मान हलवत. दोनपेक्षा जास्त ओळी गळाल्या तर संशय घ्यायचा. जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं बरेच दिवस घेतलेल्यांसाठी तर हे व्हायलाच हवं. त्या औषधांनी दोन्ही कानांचा तोल जाऊ शकतो, आणि दोन्हीकडचं एकदम गेलं तर घर फिरत नाही, फक्त चालताना जग हलतं. स्ट्रेप्टोमायसिननं तोल गेलेल्या एका अमेरिकन डॉक्टरनं १९५२ मध्ये स्वतःचाच अनुभव लिहिला. वाचताना नाडीच्या ठोक्यानंही अक्षरं हलायची, म्हणून तो पलंगाच्या दांड्यांमध्ये डोकं अडकवून वाचायचा.

आमच्या चौघांच्या ग्रुपचा गॉगल अर्धवट तयार आहे. पट्टा सैल पडला की आलेख खोटा येतो, आणि डोळ्यांत काजळ असेल तर सॉफ्टवेअर बाहुली सोडून काजळच पकडतं. शनिवारी दुपारी लॅबमध्ये या. काजळ पुसून, चष्मा काढून.