दोन-तीन तासांचाच तर प्रश्न आहे



"पोत्यात घाल आणि डिकीत टाक. दोन-तीन तासांचाच तर प्रश्न आहे." आमच्या नात्यातल्या एका मामींचं हे वाक्य चार दिवस झाले, माझ्या डोक्यातून जात नाही. बोलल्या त्या काकवीबद्दल. दिवाळीनंतर शेजारच्या रानात ऊसतोड सुरू झाली, तेव्हा पाचटात कुत्रीची तीन पिल्लं सापडली. आई परत आलीच नाही. दोन पिल्लं दगावली, एक वाचलं. रंगावरून नातीनं तिचं नाव काकवी ठेवलं. आता तीन महिन्यांची झालीय आणि पुण्याला लेकीकडे राहायला जायचीय. आयुष्यातला तिचा पहिला लांबचा प्रवास.

मामी कोण, तर पाणी गाळल्याशिवाय तोंडाला न लावणाऱ्या, अष्टमी-चतुर्दशीला एकासन करणाऱ्या. त्यांच्या व्रतांचा मला आदर आहे, आणि म्हणूनच राग आला. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवासाठी आपण गाळणं धरतो, मग डोळ्यांपुढे थरथरणारं पंचेंद्रिय पिल्लू डिकीत कसं टाकतो?

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपण ते पाठ म्हणतो आणि पुढे जातो. कधी थांबून पाहिलंय का, की ही पाचही नावं दावणीच्या जनावराची आहेत? बांधणं, मारणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, चारा-पाणी तोडणं. वध म्हणजे इथं जीव घेणंसुद्धा नव्हे, काठी-चाबकानं मारणं. हे व्रत स्वयंपाकघरापुरतं नाही, ते गोठ्यातलं आहे, आणि आज गोठ्याच्या जागी गाडी उभी असेल तर गाडीतलंही आहे.

लगेच कुणीतरी म्हणेल, कुत्री-मांजरं पाळणं अनर्थदंडात येतं. मान्य. मी हौसेनं विकत आणलं नाही, आणि तुम्हीही आणू नका असंच सांगेन. पण दारात आलेल्या जिवाला हाकलून द्या असं मी कुठं वाचलेलं नाही. समंतभद्राचार्य रत्नकरंड श्रावकाचारात सांगतात की धर्मानं कुत्राही देव होतो आणि पापानं देवही कुत्रा. जीवंधरकुमारांनी मार खाऊन मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला, ही कथा प्रवचनात ऐकताना आपले डोळे भरून येतात. घरी आल्यावर हाड म्हणतो.

आता माझंच सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी उंचावर बसून बोलतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे असंच एक पिल्लू होतं. त्याला गाडीतून नेताना मी सकाळपासून पाण्याचा थेंब दिला नव्हता. का, तर सीटवर ओकेल. मे महिना होता. पोचलो तेव्हा ते उठेना. ओल्या फडक्यानं पुसत, चमच्यानं पाणी पाजत संध्याकाळपर्यंत बसले. वाचलं. सीट मात्र स्वच्छ राहिली! अन्नपाननिरोध म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

खरं तर लहान पिल्लाला गाडी लागते यात त्याचा दोष नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग अजून पुरता तयार झालेला नसतो, आणि मोठं झाल्यावर बहुतेकांची मळमळ आपोआप जाते. म्हणून निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला द्यायचं नाही, एवढंच पुरे. पाणी मात्र थोडं थोडं, मध्ये थांबून द्यायचंच. दूध नको, बऱ्याच पिल्लांना दुधानं जुलाब होतात. आपल्या उलटीच्या गोळीचा तुकडा तर मुळीच देऊ नका. कुत्र्याचं औषध वेगळं आणि त्याच्या वजनावर ठरतं, ते डॉक्टरांनाच विचारावं. आपल्या ताप-दुखीच्या काही गोळ्या कुत्र्याला विष आहेत. कांदा-लसूणही विषच, तिथं आपली स्वयंपाकघरं आयती पास. पण प्रवासाच्या डब्यातले बेदाणे? तेही कुत्र्याला घातक असतात, आणि मुलं लाडानं भरवतात.

एकीनं मला गंभीरपणे विचारलं, "रात्री तिला खायला देता? मग तुमच्या रात्रीभोजनत्यागाचं काय?" बाई, त्याग मी केलाय, काकवीनं नाही! तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा लागतं. सूर्यास्ताआधी बसवता आलं तर मी बसवते, नाही बसलं तर तिला उपाशी ठेवून माझं पुण्य वाढवत नाही. दुसरीनं जंताच्या औषधाचा प्रश्न काढला, की जंतांची हिंसा होते. नातवंडांना देताना हा प्रश्न कुणी काढत नाही.

बंधाचा प्रश्न मात्र मलाही पडला होता. पिंजऱ्यात घालणं म्हणजे बंध नाही का? बरेच दिवस विचार केला. मोकळं पिल्लू ब्रेक लागला की पुढे आपटतं, किंवा ड्रायव्हरच्या पायाशी ब्रेकखाली शिरतं, आणि मग सगळ्याच जिवांचं कठीण. मांडीवर घेतलं तरी हात सुटतोच. तेव्हा पिंजरा हवाच, तोही सीटच्या पट्ट्यानं बांधलेला. पण पिल्लू त्यात ढकललं की आपणहून शिरलं, यावर सगळं आहे. म्हणून महिनाभर आधी पिंजरा बैठकीच्या खोलीत आणला, दार उघडं ठेवलं, आत माझ्या जुन्या लुगड्याची गोधडी घातली. तीन दिवस ती नुसती वास घेऊन पळायची. मी आत पोळीचा तुकडा ठेवायची आणि माझ्या कामाला लागायची. पाचव्या दिवशी दुपारी पाहिलं, तर आत झोपलेली.

मग गाडी. पहिला आठवडा गाडी दारातच, इंजिन बंद. आत बसून दहा मिनिटं खेळायचं आणि उतरायचं. आमचे हे म्हणाले, "शेजारी बघतायत." बघू देत. नंतर नुसतं इंजिन सुरू. मग लासुर्ण्यापर्यंत. लाळ गळायला लागली, सारखी जांभई यायला लागली, म्हणजे मळमळतंय. लगेच माघारी, दोन दिवस पुन्हा दारातच. मग बेलवाडी, मग सणसर. तुकोबांची पालखी ज्या रस्त्यानं येते, त्याच रस्त्यानं आम्ही उलटे सरकत होतो. ह्यांना मोरगाव-जेजुरीवरून जायचं होतं, पण दिवेघाटाच्या वळणांवर मोठी माणसं पिशव्या शोधतात. आम्ही बारामतीवरून पाटसला निघून सोलापूर महामार्ग धरणार. लसी झाल्यात, रेबीजचीही झाली. तरी ढाब्याच्या मातीत तिला सोडणार नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. गेल्या चैत्रात एका तीर्थक्षेत्राच्या पार्किंगमध्ये बंद गाडीत एक कुत्रं काचेला नाक लावून धापा टाकताना पाहिलं. काच दोन बोटं उघडी होती, म्हणजे सोय केली असं मालकांना वाटलं असणार. उन्हात बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी चढतं, आणि दोन बोटांच्या फटीनं त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकणं एवढाच त्याचा उपाय. घरची मंडळी तासभर अभिषेकाला उभी होती. आत भगवंतांवर गार पाण्याची धार, आणि बाहेर हे! मला दर्शनात मन लागलं नाही. कुत्रं न्यायचंच असेल तर पाळीपाळीनं आत जा, एकानं सावलीत त्याच्याजवळ बसा. जमत नसेल तर घरी शेजारणीकडे ठेवा.

येत्या रविवारी पहाटे पाचला आम्ही निघतोय. पाण्याची वाटी, जुने टॉवेल, लसीचं कार्ड, गळपट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला, सगळं तयार आहे. कालच मामींचा फोन आला. त्यांनाही पुण्याला यायचंय, बरोबर पापडाचा डबा आणि दोन पिशव्या. मागच्या सीटचा अर्धा भाग काकवीचा आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. डिकी मोकळी आहे, तिथं पापड जातील.