पोपट सोडा, बजी पाळा

पक्षी, रंगीत मासे, ससे आणि गिनीपिग यांच्या धंद्यावर आपल्या समाजातील किती घरांची चूल पेटते, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटचा पक्षी बाजार, कुर्ल्याची माशांची दुकाने किंवा कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी भरणारा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अंदाज येईल. दुकानदार एकटा नसतो. त्याच्या मागे तारेचे पिंजरे विणणारा, काचेच्या टाक्या जोडणारा, पेट्या ठोकणारा सुतार, राळे-बाजरीचा दाणा निवडून विकणारा आणि बजीच्या अंड्यांसाठी लहान तोंडाची मडकी घडवणारा कुंभार, अशी मोठी साखळी उभी असते. म्हणून या धंद्यात जे बिघडते, त्याची झळ केवळ दुकानापुरती राहत नाही.

आणि बिघडले आहे ते आपला हिरवा पोपट, मुनिया आणि तारा कासव यांच्यामुळे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातील १९९१ च्या दुरुस्तीनंतर देशी रानपक्ष्यांचा व्यापार बंद झाला. इतकी वर्षे उलटली, तरी टोपलीवर कपडा टाकून पोपटाची पिल्ले विकणारे आहेत आणि "आमच्या आजापासून हाच धंदा आहे" असे सांगणारेही आहेत. आजाच्या काळी कायदा नव्हता, आज आहे, इतकाच याला जवाब. ही पिल्ले झाडाच्या ढोलीतून ओढून काढली जातात, पोत्यात किंवा खोक्यात कोंबून आणली जातात आणि त्यांतली कितीतरी बाजारात पोहोचण्याआधीच मरतात. जी उरतात ती विकून शे-दोनशे रुपये सुटतात. पकडला गेला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तारा कासवाची गोष्ट याहून कठीण आहे, कारण ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तेथे किमान शिक्षाच तीन वर्षांची. शिवाय पकडला जातो तो टोपलीवाला पोरगा. माल पुरवणारा बडा आसामी घरी बसलेला असतो. वकिलाची फी आणि कोर्टाच्या तारखा यांचा हिशेब मांडला तर या मालात बरकत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावण्याची गरज नसावी.

मग विकायचे काय? परदेशी जातीचे, पण इथेच पिंजऱ्यात जन्मलेले पक्षी. यात बजी पहिला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा पक्षी जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत इंग्लंडात नेला आणि तेव्हापासून तो माणसाच्या घरात वाढतो आहे. मादी दिवसाआड एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते. साधारण अठरा दिवसांत पिल्लू बाहेर येते आणि महिना-सव्वा महिन्यात मडके सोडते. घरातल्या बायकांनाही गच्चीवर किंवा गॅलरीत चार जोड्या सांभाळता येतात. मात्र हाव नको. वर्षातून दोन, फार तर तीन वेळा पिल्ले काढून मडकी उतरवून ठेवावीत. सतत अंड्यांवर बसवलेली मादी खंगते आणि तिची पिल्लेही कमजोर निघतात. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात कायम टांगलेला हवा.

येथे नावाचा एक घोटाळा सांगितला पाहिजे, कारण त्यात आता कायदा अडकला आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक बजीलाच लव्हबर्ड म्हणते. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय यादीतील परदेशी प्राणी त्यात आले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांच्या नोंदणीचे नियम निघाले. यादीतला जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंद करायची, आणि जन्म, मृत्यू, विक्री हेही कळवायचे. बजी, कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड या यादीत नाहीत. पण फिशर जातीचा लव्हबर्ड आहे, सन कोन्युअर आहे, जावा चिमणी आहे, आणि आफ्रिकन ग्रे पोपट तर सर्वांत कडक भागात आहे. एकाच पिंजऱ्यात शेजारी बसलेल्या दोन लव्हबर्डांपैकी एकाला कागद लागतो आणि दुसऱ्याला नाही, हे दुकानदारालाच ठाऊक नसेल तर गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

दुकानाची नोंदणी ही आणखी वेगळी गोष्ट. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद केल्याशिवाय असे दुकान चालवता येत नाही आणि खरेदी-विक्रीचे रजिस्टर ठेवावे लागते. कायदा चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. तक्रार आहे ती पद्धतीबद्दल. अर्ज संगणकावर, भाषा इंग्रजी, प्राण्यांची नावे शास्त्रीय. सातवी शिकलेल्या दुकानदाराने ते भरायचे कसे? ज्याच्याकडे कारकून आहे तो कागद करून मोकळा होतो आणि लहान माणूस कायद्याबाहेर पडतो. वन खात्याने मराठीत आणि उर्दूत चित्रांसह यादी काढली, तर निम्मे गुन्हे होणारच नाहीत. तोपर्यंत बाजारातील संघटनांनी एखादा शिकलेला मुलगा आठवड्यातून एक दिवस बसवून सर्वांचे अर्ज भरून घ्यावेत.

आता कारागिरांशी दोन शब्द. गोल, उंच, घुमटाचा पिंजरा दिसायला सुरेख असतो आणि पक्ष्याला निरुपयोगी असतो. पक्षी आडवा उडतो, उभा नाही. म्हणून पिंजरा उंचीपेक्षा लांबीला जास्त हवा. बजीसाठी दोन तारांमधले अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोके अडकते. नव्या जस्ती तारेवरची पूड चोचीतून पोटात गेली तर पक्षी मरतो, तेव्हा पिंजरा विकण्यापूर्वी सिरक्याने घासून धुवावा. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांडीऐवजी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या बसवल्या तर पायाला जखमा होत नाहीत, आणि खर्चही वाचतो.

माशांच्या दुकानदारांची एक खोड मोडली पाहिजे. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकायचे, ही ती खोड. नव्या टाकीत माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्याआधी दहा मासे सोडले तर आठवड्यात आठ मरतात, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. आधी टाकी द्या, मासे नंतर आणि थोडेथोडे द्या. आजची विक्री घटेल, वर्षाची वाढेल. गोल्डफिशसाठी काचेचे गोल भांडे विकणे तर बंदच करावे.

मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. ती बंद शटरमागेही लागू आहे. ईदच्या सुटीत दोन दिवस दुकान बंद राहते, तेव्हा आत दाणा-पाणी कोण देतो, हे मालकाने स्वतः पाहिले पाहिजे, नोकरावर सोडून चालणार नाही.

शेवटी एक कमी खर्चाची सूचना. पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्राणी सांभाळण्याच्या चार ओळी छापून घ्याव्यात. गिनीपिगचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करत नाही, म्हणून त्याला रोज कोथिंबीर, ढोबळी मिरची द्यावी. सशाचे दात जन्मभर वाढतात, त्याला गाजरापेक्षा गवत जास्त लागते. पक्ष्याचा पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नये, कारण नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. पंख फुगवून कोपऱ्यात बसलेला पक्षी आजारी समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावा. मुंबईकरांसाठी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचे नाव त्याखालीच छापता येईल.